उंबरठ्यापलीकडची हद्द

दोन राज्यांची हद्द नेमकी त्याच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून जायची. अलीकडचा हवालदार वॉरंट घेऊन आला, तसा हा पठ्ठ्या आत बायकोच्या शेगडीशी जाऊन बसला. पलीकडच्या कोर्टाची परवानगी येईपर्यंत हवालदाराला उंबरठा ओलांडता येईना. त्यानं पुढच्या खोलीतच ठाण मांडलं. स्वयंपाकघराला दुसरं दार नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याचा धीर सुटला. "त्याच चार भिंती, तीच धग. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही," तो बायकोवर डाफरला. "माणसानं असं जगायचं तरी कसं?"

ती कांदा चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून मी इथेच आहे. माझ्यावर तर वॉरंटही नव्हतं."