डावा पत्रा

मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला यंत्र टेकताच व्हॅल्युअरचा हात थांबला.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. बॉनेटवर एकशे दहा, छपरावर एकशे पाच, उजव्या दारावर एकशे पंधरा. रंगाची जाडी मोजणारं ते काडेपेटीएवढं यंत्र पत्र्याला टेकवायचं, आकडा वहीत लिहायचा, पुढे सरकायचं. इथं आकडा आला सहाशे चाळीस. त्यानं रुमालानं पत्रा पुसला आणि पुन्हा मोजलं. सहाशे साठ. कंपनीचा रंग एवढा जाड नसतो.

गॅरेजच्या दारात उभी असलेली गाडीमालकाची लेक दोन पावलं आत आली.

गाडीची किंमत ठरवायला व्हॅल्युअरला तिनंच बोलावलं होतं. वडील अठ्ठ्याहत्तरचे, डोळे अधू झालेले. गाडी दोन वर्षांत फाटकाबाहेर गेली नव्हती. पुढच्या महिन्यात ते घर आवरून तिच्याकडे राहायला येणार होते, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला गाडी ठेवायला जागा नव्हती. तरी सकाळपासून वडील तीनदा म्हणाले होते, "राहू दे गं, एवढी काय घाई आहे?"

गाडी लाल, तीन दारांची. दिसायला भाजी आणायला न्यावी अशी. पण सिग्नल सुटला की लांबलचक गाड्यांनी तोंडात बोट घालावं असं तिचं इंजिन. वडिलांनी अकरा वर्षं पैसे साठवून ती नवी कोरी घेतली होती, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तिच्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या तरुणांनी पळवून पळवून भंगारात घातल्या. ज्या उरल्या त्यांना सोन्याचे दिवस आले. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी दारात येई, मागाल तो भाव देतो म्हणे. वडील त्याला चहा पाजत आणि वाटेला लावत. "अजून चढेल," एवढंच म्हणत. भाचे कौतुकानं म्हणत, मामा बाजार कोळून प्यायलाय.

"काका," व्हॅल्युअरनं विचारलं, "या बाजूला कधी काम झालंय?"

"नाही."

"कुठे घासली, ठोकली..."

"नाही म्हटलं ना. कंपनीतून आली तशी आहे."

व्हॅल्युअरनं यंत्राकडे पाहिलं, मग वडिलांकडे. सकाळपासून त्याच्या बोलण्यात जो मान होता तो एकदम उतरला. असले मालक त्यानं पुष्कळ पाहिले असावेत. वहीत त्यानं काहीतरी खरडलं आणि त्याखाली ठळक रेघ मारली.

लेकीला ती रेघ सहन झाली नाही. वडिलांनी सगळी नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासण्यात घालवली होती. पाच ग्रॅमच्या फरकासाठी त्यांनी साडूच्या दुकानाला टाळं लावलं होतं, आणि त्यापायी मावशी चार वर्षं बोलत नव्हती. त्या माणसाला एक परका मनातल्या मनात लबाड ठरवत होता.

"बाबा खोटं बोलत नाहीयेत," ती म्हणाली. "त्यांना माहीतच नाही. मी ठोकली होती."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"एकोणीस वर्षांची होते. आईबाबा परगावी गेले होते. न विचारता काढली आणि वळणावर खांबाला घातली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं ते परत यायच्या आत करून दिली. त्यासाठी मी माझा कॅमेरा विकला."

एकतीस वर्षांत हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आई तर काही न कळताच गेली.

"बरं झालं बोललात, ताई," व्हॅल्युअर म्हणाला. त्याचा आवाज नरमला होता. "पण भाव जवळजवळ निम्म्यावर येईल. आणि थांबून फारसं हाती लागेल असं मला वाटत नाही. शाळेत असताना ज्यांनी हिचं चित्र भिंतीला चिकटवलं, ते आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या हातात पैसा आहे, पण त्यांना अंगाला हात न लागलेली गाडी हवी. आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना हिचं एवढं वेड असेल का, कुणास ठाऊक."

"लिहा," वडील शांतपणे म्हणाले. "डावा पत्रा दुरुस्त केलेला. कुणी ठोकली ते लिहायची गरज नाही."

व्हॅल्युअर गेला. वडील स्टुलावर टेकले. लेक त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, चुकलं माझं. भाव चढावा म्हणून तुम्ही इतकी वर्षं थांबलात आणि मी..."

वडिलांनी हात पुढे केला. त्या अधू डोळ्यांच्या माणसाचा तळवा चाचपडला नाही. जिथं खांब लागला होता, नेमका तिथंच जाऊन टेकला.

"गॅरेजवाल्यानं तिकडचा नंबर शोधून मला त्याच दिवशी फोन केला होता," ते म्हणाले. "रंगाचा नंबर विचारायला."

लेक त्यांच्याकडे वळली. "मग बोलला का नाहीत? चांगली झापायची होतीत मला. मोकळी तरी झाले असते."

"म्हटलं, आपणहून सांगेल. आठ दिवस वाट पाहिली. मग महिना गेला. मग तू नोकरीला लागलीस, तुझं लग्न झालं. राहूनच गेलं."

"आणि गाडी? एवढी गिऱ्हाइकं येऊन गेली. तेव्हाच का नाही विकून टाकलीत?"

"विकायला काढली असती," वडील म्हणाले, "तर तुझ्याआधी दुसऱ्याच कुणीतरी मला सांगितलं असतं."