आप्पांचं पहिलं पित्तर

लिंबायतच्या घराच्या गच्चीवर आप्पांचं पान वाढून दीड तास झाला, तरी कावळा काही पानाला शिवेना. कठड्यावर बसून नुसता टकामका बघत होता. आप्पांना काय हवंय ते गजेंद्रला पक्कं ठाऊक होतं, पण माय पानाशेजारीच ठाण मांडून बसलेली! मिलच्या शेठने दिलेला तंबाखूचा जुना पाईप आप्पा बारा वर्षं या गच्चीतल्या टाकीमागे लपून ओढत होते, आणि मायला मात्र देवाची शपथ घेऊन सांगितलेलं, की सोडला.

पण बाप उपाशी राहतोय म्हटल्यावर गजेंद्रला राहवेना. "माय, रागावू नको," म्हणत त्याने टाकीमागून पाईप काढला. तंबाखू तळहातावर मोकळी केली, खाली सैल, वर जरा दाबून भरली, काडी लावली आणि ठसकत ठसकत दोन झुरके ओढून धुमसता पाईप खिरीच्या वाटीशेजारी ठेवला.

कावळा तरी जागचा हलेना. त्याने मायकडे पाहिलं आणि मान फिरवली.

माय गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी खाली जाते बाबा. माझ्यासमोर ते जन्मात ओढायचे नाहीत."

 

जिन्यात माय दिसेनाशी झाली मात्र, कावळा झपकन उतरला, खीर-वड्यांकडे ढुंकूनही न बघता पाईप चोचीत धरला आणि गुपचूप टाकीच्या मागे गेला.