शेगडीचा आवाज

“आई, तू आणि पप्पा कधी लाडीगोडीनं बोलता तरी का गं?” मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून अपेक्षानं जेवताना विचारून टाकलं. पप्पांनी मान ताटात घातली. आई म्हणाली, “गप जेव की, भवाने!”

अपेक्षाची खरी तक्रार वेगळीच होती. एका खोलीचं घर, आणि रोज पहाटे पाचला आई अंघोळीच्या पाण्यासाठी विस्तवाला वारा घालणाऱ्या पंख्याची शेगडी पेटवायची. ती पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. दहावीच्या वर्षात झोपेचं पार खोबरं! रविवारी पोरीनं पंख्याचे स्क्रू आवळले, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, आणि सोमवारी पहाटे शेगडी अशी गप, की जणू पेटलीच नाही. पांघरुणात अपेक्षा स्वतःवरच जाम खूश झाली.

तेवढ्यात शेगडीपाशी पप्पा कुजबुजले, “काल ती हिरवी साडी लई शोभत हुती तुला.”

“शू!” आई दचकली. “आता आवाज न्हाय शेगडीचा. पोरगी ऐकंल की.”

मग पाणी उकळेपर्यंत दोघंही गप्प बसून राहिले. अपेक्षाला स्वतःचीच लाज वाटली. त्या दोघांचा दिवसातला तेवढाच एक तास तिनं स्वतःच्या हातानं बंद पाडला होता.

चहा पिताना तिनं जाहीर केलं, “आई, पप्पा, उद्यापासनं मी पाचला शेजारच्या अंकिताकडं अभ्यासाला जाणार. सहाच्या आत काय परत येणार नाही!”