कौलांवरचे दात

शाळेचं छत सिमेंटचं झाल्यापासून मुलं आपले पडलेले दुधाचे दात माझ्या कौलांवर फेकतात. मीच सांगितलं होतं, कौलांतला उंदीर नवा दात देतो.

मी निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. माझी बायको रंभा आठ वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून म्हातारपण मागे नेणाऱ्या औषधाची चाचणी करणारे गावात आले, तेव्हा मी हातापाया पडून नाव लिहून घेतलं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन.

तिसऱ्यानंतर गुडघे दुखायचे थांबले. चौथ्यानंतर माझ्या बोळक्या तोंडात एक दात आला. इवलासा, पांढराशुभ्र, कोपऱ्यावर जरासा टवका उडालेला.

रंभा कितीतरी दिवसांनी हसली. "आता मले पोचवल्याबिगर नाई जात तुम्ही."

मग माझं लक्ष मुलांच्या तोंडांकडे गेलं. पहिलीतल्या एकाचाही नवा दात उगवला नव्हता. माझ्या शिकवणीला येणाऱ्या दिव्याचा पडून तर वर्ष झालं होतं.

काल शिकवणीत ती जवळ आली. "गुरुजी, आ करा ना."

मी तोंड उघडलं. तिनं बोट लावून पाहिलं.

"हा तं माहाच दात हाये! मी हापशीवर आपटली, तवा याचा कोपरा इथीच फुटला होता."

आज रविवार. अंगणात एकही मूल नव्हतं. इंजेक्शनवाल्यांची गाडी दाराशी थांबली.

"पाणी द्या ना जी," आतून रंभानं हाक मारली.

मी बाही वर केली.

सुई टोचली आणि कौलं वाजू लागली, गारा पडाव्यात तशी.