आण्णांच्या हातचं

सलग नवव्या दिवशीही माशाने तोंड फिरवलं.

भगवानराव मनगटापर्यंत हात पाण्यात घालून काचेच्या टाकीपाशी उभे होते. चिमटीत लाल दाणा. मासा आला, दाण्याला नाकाने ढुशी दिली आणि सावकाश दगडामागे जाऊन बसला.

"खा की रे बाबा," भगवानराव म्हणाले. "एक तरी खा."

ज्या माणसापुढे अख्ख्या पाटोद्यात कुणी आवाज चढवत नाही, तो एका माशाच्या पाया पडायचा बाकी होता. माशाला पाय नसतात म्हणून, नाहीतर तेही झालं असतं.

त्याला कारण होतं. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा ज्योतिषी शास्त्रीबुवांनी दिवाळीत हॉलमध्ये ठेवायला लावला होता. "जोवर हा तुमच्या हातचं खातोय, तोवर तिकीट तुमचंच," असं बजावूनही ठेवलं होतं. दोनदा तिकीट हुकलेले भगवानराव या खेपेला झेडपीसाठी जिवाचं रान करत होते. यादी लागायला महिना उरला, आणि माशाने अन्न सोडलं. मग भगवानरावांनीही सोडलं.

"त्याच्यासंगं तुमीबी मरता का आता?" वत्सलाबाई नवऱ्यावर करवादल्या. ताट मात्र तसंच परत गेलं.

बीडहून माशांचं दुकान असलेला बिभीषण आला. त्याने टाकीभोवती दोन चकरा मारल्या.

"पाणी कदी बदलता, आण्णा?"

"तू सांगितलंतं तसंच. आठ दिवसाला पाव टाकी."

"मग बरोबर हाय."

"बरोबर हाय तर कावून खाईना बे ह्यो?"

बिभीषणने काचेला डोळा लावला. "नऊ दिसाचा उपाशी म्हणता, पण पोट तर गच्च दिसतंय."

"म्हंजी?"

"सूज असंल."

भगवानराव मटकन सोफ्यावर बसले. सूज म्हणजे संपलंच की!

फरशी पुसणारी मनकर्णा हळूच म्हणाली, "आण्णा, आजाऱ्याचं हाथरूण आपुन रोज बदलतो. ह्येचं हाथरूण म्हंजी पाणीच न्हवं का?"

"आवो मावशी, लई पाणी बदललं तरी मासा बिचकतो," बिभीषण म्हणाला. "आठ दिसाला पाव, तेबी एक दिस ठिवलेलं पाणी. बास."

पण बुडत्या माणसाला हिशेब कोण शिकवणार? भगवानरावांना मनकर्णाचं पटलं. रोज अर्धी टाकी बदलायची, ठरलं. गावाला नळ बारा दिवसांनी येत होता. त्यांनी एक फोन केला आणि संध्याकाळी अंगणातल्या ड्रमांत टँकर रिकामा झाला.

मनकर्णाने टँकरकडे एकदा बघितलं आणि पदर खोचून कामाला लागली. दहा-बारा दिवसांमागे तिनेही टँकर मागितला होता. बंगल्यामागच्या तिच्या गल्लीतलं बोअर आटलं होतं.

"तुमच्या गल्लीत हाय कोण?" भगवानराव तेव्हा म्हणाले होते. "समदे ऊस तोडाया गेलेत. चार म्हाताऱ्या न् लेकरं. त्यांच्यासाठी टँकर लावू?"

"सून बाळंत झालीय, आण्णा. शिवकन्या."

"बघू."

तिने पुन्हा विषय काढला नाही. बाई समजूतदार, वत्सलाबाईंना तिचं तेच आवडायचं.

आणि राबली तरी किती! पहाटे पाचला, घर झोपेत असताना यायची. नळी लावून अर्धी टाकी उपसायची, आठ-दहा बादल्या मागच्या दाराने बाहेर न्यायची, मग ड्रममधलं पाणी हलक्या हाताने टाकीत सोडायची. वत्सलाबाईंनी तिला एक नवं लुगडं दिलं. घरचं माणूस एवढं करत नाही, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

मासा काही खाईना.

"दाण्याचा डबा इतक्यात कसा गं संपला?" वत्सलाबाईंनी एकदा विचारलं.

"आण्णा दिवसभर टाकतेत न् म्या सकाळी काढते. पाण्यासंगं जातंय समदं, बाई."

चौदाव्या दिवशी भगवानराव ढासळले. दाढी वाढलेली, डोळे लाल. काचेपुढे हात जोडून ते लहान पोरासारखे रडले. "माझं काय चुकलं ते तरी सांग रे!" मासा शेपटी हलवत त्यांच्याकडे बघत राहिला. वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"उद्यापासून समदी टाकी बदला," भगवानराव ओरडले. "समदी! रोज!"

"समदी नगं, आण्णा," मनकर्णा काकुळतीला आली. "जीव जाईल त्येचा. सकाळी अर्धी, सांच्याला अर्धी करते. म्या येईन दोनदा."

भगवानरावांना भरून आलं. त्यांनी चक्क तिच्यापुढे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दाराशी, भिंतीला लागून, घागरींची रांग होती. कोणी हूं की चूं करत नव्हतं. मनकर्णा बादली आणायची, घागर भरायची, पुन्हा आत जायची.

"आजपास्नं सांच्यालाबी या," ती कुजबुजली.

गल्लीतल्या म्हाताऱ्या भिवराबाईने घागर उचलून कमरेवर घेतली. "बाळाचे लंगोट धुवाया पयली घागर तुज्या घरी टाकते. पर मनकर्णे, आण्णाच्या तिकिटाचं कसं व्हायचं गं?"

"होईल की. गल्लीची माणसं उसावून येऊ देत, मग बघू."

शेवटची बादली गेली. मनकर्णा आत आली, पदराला हात पुसले आणि टाकीचं झाकण उचललं. मूठभर दाणे पाण्यावर पडले. मासा सळसळत वर आला आणि तिच्या बोटांतले दाणेसुद्धा ओढून ओढून खाऊ लागला. पोट टम्म होईपर्यंत ती टाकत राहिली.

"खा राजा, पोटभर खा," ती म्हणाली. "आण्णाच्या हातचं तेवढं खाऊ नगंस."