पहिली जानकी

देवस्थळींच्या वंशावळीत अच्युतरावांच्या वडिलांच्या नावापुढे एकच बायको होती, जानकी. ती सावत्र आई. आज ऐंशीला टेकलेले अच्युतराव दीड वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तिचं सासरचं नावही जानकीच होतं. वडिलांनी दुसरीलाही तेच ठेवलं आणि पहिली पुसली गेली.

इंटरनेटवर आईचं माहेरचं नाव कुठेच सापडेना, तेव्हा त्यांनी मिरजेच्या जुन्या शेजाऱ्यांची, पोंक्ष्यांची वंशावळ उघडली. खाली फोन नंबर होता. दोन दिवस संकोचात घालवून तिसऱ्या दिवशी त्यांनी तो लावला.

पलीकडे अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या कुसुमताई होत्या. "पहिली जानकी? अहो, त्या नावाला ती ओच द्यायची नाही, विसरायची! आम्ही पोरी कुंपणावरून माहेरच्या नावानं हाक मारायचो, 'वेणू!' की आलीच पोराला कडेवर घेऊन."

अच्युतरावांनी कागदावर 'वेणू' लिहिलं आणि त्याकडे बघत राहिले.

"ऐकताय ना? तुम्हाला कशाला हवं तिचं नाव? पुस्तकबिस्तक लिहिताय?"

"नाही हो. ते कडेवरचं पोर मीच."

"अगंबाई, तू होय! आणि मी मघापासून अहो-जाहो करतेय. जेवलास का रे?"