सिग्नलपुरते आप्पा

माणसाची खरी किंमत शेवटी यंत्रानेच ओळखली. नवं वायफाय जिवंत माणसाच्या अंगातून जायचं, आणि वापरणाऱ्याचं अंग चालत नसे. म्हणून घरून काम करणाऱ्या परागने नव्या डेस्कटॉपशेजारी बसवायला वडिलांना वृद्धाश्रमातून घरी आणलं.

“आप्पा, जरा डावीकडे सरका. एकच काडी दिसतेय.”

“तीन वर्षांनी घरी आणलंस ते सरकायला?” म्हणत आप्पा सरकले. चारही काड्या आल्या.

सूनबाईंनी चहा दिला, तोही बशीसकट.

“किती दिवस बसायचंय?” आप्पांनी विचारलं.

“दुसरी काही सोय होईपर्यंत.”

आप्पांनी मान डोलावली. कुणालाही न बसवता इंटरनेट चालवणारी केबल संगणकाच्या खोक्यातच आली होती. खोकं आप्पांनी उघडलं होतं, आणि केबल आता त्यांच्या पिशवीत होती.